सलोख्यासाठी जनसंपर्क : अफवेच्या आधी पोहोचणारा शब्द

'जनसंपर्क' हा शब्द उच्चारला की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. प्रसिद्धिपत्रके वाटणारा, पत्रकारांच्या चहापाण्याची व्यवस्था पाहणारा आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात साहेब नेमके मध्यभागी येतील याची काळजी घेणारा अधिकारी. हे चित्र अगदीच खोटे नाही. पण ते अपुरे आहे. दोन समाजगटांत तणाव निर्माण होतो, गावात एखादी अफवा पसरते, बाजारपेठेतील दुकानांची शटर्स धडाधड खाली येऊ लागतात, त्या वेळी लोक कोणाचा शब्द खरा मानतात यावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. तो शब्द कोणाचा असावा, तो लोकांपर्यंत कसा पोहोचावा आणि लोकांनी त्यावर विश्वास का ठेवावा, हे तिन्ही प्रश्न मूलतः जनसंपर्काचे आहेत.

भारतात दरवर्षी २१ एप्रिल हा 'राष्ट्रीय जनसंपर्क दिन' म्हणून पाळला जातो. १९६८ साली याच तारखेला नवी दिल्ली येथे या व्यवसायाची पहिली अखिल भारतीय परिषद भरली आणि तीत आचारसंहिता स्वीकारण्यात आली. ती 'अथेन्स संहिता' या नावाने ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९६५ मध्ये अथेन्स येथे संमत केलेल्या या संहितेचा पाया संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा हा आहे. म्हणजे माणसाची प्रतिष्ठा जपणे ही या व्यवसायाने आपल्या घटनेतच लिहून ठेवलेली जबाबदारी आहे. ती प्रत्यक्षात कशी पार पाडली जाते, कुठे पार पाडली गेली आणि कुठे पायदळी तुडवली गेली, याचा शोध घेणे उद्बोधक ठरते.

एका व्यवसायाच्या दोन वाटा

आधुनिक जनसंपर्काचे एक जनक मानले जाणारे अमेरिकी पत्रकार आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये आपल्या कामाची तत्त्वे जाहीर केली. कोळसा खाणमालकांच्या वतीने वृत्तपत्रांना माहिती पुरविताना त्यांनी असा दावा केला की, हे काम उघडपणे चालेल, माहिती अचूक असेल आणि पत्रकारांना तिची शहानिशा करण्यास मदत केली जाईल. त्या काळाच्या मानाने ही भूमिका क्रांतिकारक होती. परंतु अवघ्या आठ वर्षांनी तिची सत्त्वपरीक्षा झाली. एप्रिल १९१४ मध्ये कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर हल्ला झाला. मृतांत स्त्रिया आणि लहान मुलेही होती. खाणीची मालकी ज्या रॉकफेलर कुटुंबाकडे होती, त्याच्या वतीने ली यांनी काढलेल्या पत्रकांत चुकीची माहिती आढळली आणि 'विषारी आयव्ही' हे उपनाव त्यांना कायमचे चिकटले.

या एका माणसाच्या चरित्रात जनसंपर्काच्या दोन्ही वाटा दिसतात. सत्य सांगून समाजाला शहाणे करणे ही एक. आणि मालकाच्या सोयीचे तेवढे सांगून समाजाला झुलवणे ही दुसरी. जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये या व्यवसायाचे चार प्रकार मांडले. निव्वळ गाजावाजा करणे हा पहिला आणि एकतर्फी माहिती देणे हा दुसरा. लोकांचे मन जाणून घेऊन त्यांना आपल्या बाजूला वळवणे हा तिसरा. चौथ्या प्रकारात मात्र संवाद खऱ्या अर्थाने दुहेरी असतो. त्यात संस्था लोकांना बदलू पाहते आणि लोकांचे ऐकून स्वतःही बदलते. सामाजिक सलोख्याच्या संदर्भात महत्त्वाचा आहे तो हा चौथा प्रकार. ज्याला स्वतः बदलायचे नाही, त्याने केलेले शांततेचे आवाहन लोकांना आवाहन वाटतच नाही, ते हुकूम वाटते.

अफवेचे गणित

दंगलीच्या मुळाशी राजकारण, अर्थकारण आणि जुनी वैरे असतात, हे खरे. पण साठलेल्या दारूगोळ्याला काडी लावण्याचे काम बहुतेक वेळा अफवा करते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातील अफवांचा अभ्यास करून १९४७ मध्ये एक साधे सूत्र मांडले. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो. विषय लोकांच्या जिवाशी किती निगडित आहे, ही पहिली गोष्ट. आणि त्याविषयीची माहिती किती संदिग्ध आहे, ही दुसरी. यांपैकी कोणतीही एक शून्य झाली, की गुणाकारही शून्य होतो.

या सूत्राचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. 'आपल्या माणसांवर हल्ला झाला' ही बातमी लोकांना महत्त्वाची वाटणारच. ते महत्त्व कमी करणे कोणाच्याही हाती नाही. हाती असते ती संदिग्धता. नेमके काय घडले, कुठे घडले, किती जण जखमी झाले, पोलीस काय करीत आहेत, हे जितक्या लवकर आणि जितक्या स्पष्टपणे सांगितले जाईल, तितकी अफवेची धार बोथट होते. उलट, 'परिस्थिती तणावपूर्ण, पण नियंत्रणाखाली' या साच्यातील वाक्यावर बोळवण केली, की उरलेली रिकामी जागा लोक आपापल्या भीतीने भरून काढतात.

परंतु एवढ्यानेही भागत नाही. माहिती अचूक असून तिच्यावर विश्वास बसला नाही, तर ती पोहोचूनही न पोहोचल्यासारखीच असते. आणि विश्वास ही वस्तू संकटाच्या दिवशी बाजारातून आणता येत नाही. ती आधीच जमवून ठेवावी लागते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याचा सर्वांत बोलका दाखला भिवंडीने घालून दिला आहे.

भिवंडीचा धडा

यंत्रमागांचे हे शहर एके काळी दंगलीचे शहर म्हणूनच ओळखले जात असे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे भीषण दंगल उसळली. तिचे लोण जळगावपर्यंत गेले आणि चौकशीसाठी न्या. डी. पी. मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबई परिसर पुन्हा पेटला. गल्लीच्या अलीकडे एक समाज, पलीकडे दुसरा आणि मध्ये संशयाची भिंत, अशी या शहराची रचना झाली होती.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेल्या सुरेश खोपडे यांनी या भिंतीला हात घातला. त्यांनी शहरात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समिती ही कल्पना तशी नवी नव्हती. सण जवळ आला, की पोलीस ठाण्यात पुढारी आणि प्रतिष्ठित यांची बैठक भरे, भाषणे होत, चहा होई आणि मंडळी पांगत. खोपडे यांच्या समित्यांचे वेगळेपण असे की, त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी एकत्र बसत, त्या वस्तीची जबाबदारी असलेला पोलीस कर्मचारी त्यांच्यात असे आणि बैठका सणापुरत्या न भरता वर्षभर चालत. वस्तीतील किरकोळ भांडणतंटे, शेजाऱ्यांच्या कुरबुरी, पोलिसांविषयीच्या तक्रारी हे त्यांचे विषय असत.

वरवर पाहता नळाच्या भांडणाचा आणि जातीय दंगलीचा काय संबंध, असे वाटेल. पण संबंध थेट आहे. ज्या शेजाऱ्याबरोबर बसून दहा वेळा छोटे वाद मिटवले, त्याच्याविषयी अकराव्या वेळी भलतेसलते कानावर आले, तर माणूस आधी त्यालाच विचारतो. ज्या हवालदाराने आपली तक्रार ऐकून घेतली, त्याने 'असे काही घडलेले नाही' असे सांगितले, तर ते पटते. शिवाय पोलिसांनाही वस्तीत काय शिजत आहे याची खबर वेळेवर मिळते. खबऱ्याकडून मिळालेल्या माहितीत आणि शेजाऱ्याने काळजीपोटी दिलेल्या माहितीत जो फरक असतो, तो इथे कामी येतो.

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली उसळल्या. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० जणांचा बळी गेला. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असलेली, दंगलीचा इतिहास पाठीशी असलेली भिवंडी मात्र त्या काळात पेटली नाही. शांततेचे सर्व श्रेय एका प्रयोगाला देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही जे शहर सर्वांत आधी पेटेल असे मानले जात होते, तेच शांत राहिले, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही.

भिवंडीचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या इमारतीसाठी ठरलेल्या जागेवरून याच शहरात हिंसाचार झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. वाद मंदिर-मशिदीचा नव्हता, जागेचा होता आणि तो पोलीस व नागरिक यांच्यातला होता. संवादाची घडी एकदा बसवली म्हणजे ती कायमची बसते असे नाही. अधिकारी बदलतात, समित्यांचे सदस्य थकतात, नव्या वस्त्या वाढतात. यंत्रमागाला जसे रोज तेलपाणी लागते, तसेच या यंत्रणेलाही लागते.

क्रिकेटचे सामने आणि न झालेला स्फोट

मुंबईने भिवंडीकडून हा धडा घेतला, तो दंगलीची किंमत मोजल्यानंतर. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने शहरात मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. होरपळलेल्या वस्त्यांमध्ये पोलीस आणि रहिवासी पुन्हा एकमेकांसमोर बसू लागले. या चळवळीने वस्त्यावस्त्यांतील तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले. जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकात त्याला कदाचित 'उपक्रम' म्हटले जाईल; पण ज्या पोराने समोरच्या मोहल्ल्यातील पोराचा झेल घेतला आहे, त्याला त्या मोहल्ल्यातील एक तरी चेहरा नावानिशी ठाऊक होतो, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र आहे.

याच काळातील एका घटनेने मात्र या क्षेत्रापुढे एक अवघड प्रश्न उभा केला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ जण ठार झाले. दंगलींच्या जखमा ओल्या होत्या आणि स्फोट झालेली ठिकाणे प्रामुख्याने हिंदूबहुल भागांत होती. नुकतीच मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतलेले शरद पवार यांनी स्फोटांची ठिकाणे जाहीर करताना मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागाचे नाव स्वतःहून जोडले. तेथे स्फोट झालेला नव्हता. एकाच समाजाला लक्ष्य केल्याची भावना पसरून पुन्हा दंगल उसळू नये, यासाठी आपण हे जाणीवपूर्वक केले, असे त्यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. त्या स्फोटांनंतर मुंबईत दंगल झाली नाही.

'नरो वा कुंजरो वा' या महाभारतातील प्रसंगाची आठवण व्हावी असा हा पेच आहे. प्राण वाचवण्यासाठी उच्चारलेले असत्य क्षम्य मानावे काय? त्या रात्रीच्या मुंबईचा विचार करता त्या निर्णयाला दोष देणे सोपे नाही. पण त्याचा आदर्श म्हणून पुरस्कार करणेही तितकेच धोक्याचे आहे. राज्यकर्त्याने एकदा सद्हेतूने खोटे सांगितले, की पुढच्या प्रत्येक सरकारी निवेदनाकडे संशयाने पाहण्याचा अधिकार नागरिकाला मिळतो. शिवाय १९९३ मध्ये माहितीचे मार्ग मोजके होते. आज मशीद बंदरच्या रस्त्यावर उभा असलेला कोणीही माणूस मोबाइल फोनवरून दोन मिनिटांत दाखवू शकेल, की येथे काहीच घडलेले नाही. मग असत्य उघडे पडेलच आणि त्यासोबत सरकारने त्या रात्री सांगितलेल्या बाकीच्या शंभर खऱ्या गोष्टीही खोट्या ठरतील. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ उपयुक्ततेच्या कसोटीवरही हा मार्ग आता बंद झाला आहे.

मोबाइलच्या पडद्यावरील जमाव

माहितीचा वेग वाढला तसा अफवेचाही वाढला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांची जमावाने ठेचून हत्या केली. मृत व्यक्ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीच्या होत्या आणि भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचा संदेश त्या काळात मोबाइलवरून सर्वत्र फिरत होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप या कंपनीने अफवांविषयी सावध करणाऱ्या जाहिराती भारतीय वृत्तपत्रांत दिल्या आणि एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा भारतात घातली.

तांत्रिक मर्यादा आवश्यकच होती. पण राईनपाड्याचा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नाही. त्या बाजारात 'थांबा, ही माणसे कोण आहेत ते आधी पाहू' असे म्हणणारा आणि ज्याचे जमाव ऐकेल असा आवाज हवा होता. भटक्या जमातींना गावोगावी संशयाने पाहिले जाते. त्यांची ओळख गावाला करून देणारी कोणतीही व्यवस्था नसते. गावातील पोलीस पाटील, शिक्षक, आशा कार्यकर्ती, एसटीचा वाहक यांच्यापर्यंत अफवेचे खंडन आधी पोहोचवणे हे जिल्हा प्रशासनाच्या जनसंपर्काचे काम आहे. शहरात बसून समाजमाध्यमावर एक चित्र टाकले, की ते पुरे झाले असे होत नाही.

दोन वर्षांनी पालघर जिल्ह्यात हेच चित्र अधिक गुंतागुंतीच्या रूपात दिसले. टाळेबंदीच्या काळात, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवांनी तो परिसर आधीच धास्तावलेला होता. काही दिवसांपूर्वी त्याच भागात एका डॉक्टरांच्या गाडीवरही जमाव चालून गेला होता. म्हणजे धोक्याची घंटा वाजून गेली होती.

हत्येची चित्रफीत तीन दिवसांनी देशभर पसरली आणि घटनेला धार्मिक रंग देणारे संदेश फिरू लागले. २० एप्रिलला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी या घटनेमागे धार्मिक कारण नसल्याचे सांगितले. २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि तीत एकही मुस्लीम नसल्याचे स्पष्ट केले. १९९३ आणि २०२० या दोन प्रसंगांतील फरक लक्षणीय आहे. पहिल्यात सलोखा राखण्यासाठी माहितीत भर घालण्यात आली. दुसऱ्यात त्याच हेतूने माहिती जशीच्या तशी खुली करण्यात आली. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे, कारण यादी कोणालाही पडताळून पाहता येते. उणीव राहिली ती वेळेची. घटना आणि यादी यांच्यात सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत ज्यांनी खोटा संदेश वाचला, त्या सर्वांनी नंतर यादी वाचलीच असेल, असे नाही.

आग लावणारा जनसंपर्क

या क्षेत्राची काळी बाजू मांडल्याशिवाय विषय पूर्ण होणार नाही. सलोखा जोडण्याची जी तंत्रे, तीच तो मोडण्याचीही असतात. दक्षिण आफ्रिकेत मूळचे सहारनपूरचे असलेले गुप्ता बंधू हे तत्कालीन अध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी असलेल्या निकटच्या संबंधांमुळे टीकेचे लक्ष्य झाले होते. त्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये लंडनच्या 'बेल पॉटिंजर' या नामांकित जनसंपर्क संस्थेची नेमणूक केली. त्यानंतर 'गोऱ्यांची मक्तेदारी भांडवलशाही' हा देशाचा खरा शत्रू असल्याचा प्रचार जोरात सुरू झाला. आर्थिक विषमतेचा प्रश्न खोटा नव्हता. पण एका कुटुंबावरील आरोपांवरून लोकांचे लक्ष हटविण्यासाठी वर्णद्वेषाची जुनी जखम उकरून काढण्यात आली.

प्रकरण उघडकीस आल्यावर ब्रिटनमधील जनसंपर्क संस्थांच्या व्यावसायिक संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये 'बेल पॉटिंजर'ची किमान पाच वर्षांसाठी हकालपट्टी केली. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि काही दिवसांतच ही संस्था कोसळली. सामाजिक सलोखा बिघडवल्याबद्दल या व्यवसायाने आपल्याच एका बड्या सदस्याला बाहेरचा रस्ता दाखवावा, ही घटना दुर्मीळ आहे आणि म्हणूनच स्मरणीय आहे. भारतात द्वेष पसरविणाऱ्या मजकुराविरुद्ध कायदा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड विधानातील १५३ अ या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ने घेतली आहे. पण मजकूर लिहिणारे, तो पसरविण्याचे कंत्राट घेणारे आणि त्यासाठी पैसे मोजणारे यांपैकी पहिलाच बहुधा पकडला जातो. मधल्याला जाब विचारण्याचे काम कायद्याआधी व्यवसायाच्या आचारसंहितेने करायला हवे.

न घडलेली बातमी

सलोख्यासाठी झालेल्या यशस्वी जनसंपर्काची एक मोठी अडचण आहे. तो यशस्वी झाला, की काहीच घडत नाही; आणि काहीच घडले नाही, तर बातमी होत नाही. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईत एकाच वेळी गणेश विसर्जनाच्या आणि ईदच्या मिरवणुका रस्त्यावर उतरल्या असत्या, तर पोलिसांची कसोटी लागली असती. मुस्लीम संघटनांनी आपसांत आणि पोलिसांशी चर्चा करून जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचा निर्णय घेतला आणि राज्य सरकारने २९ सप्टेंबरला सुटी जाहीर केली. २०२४ मध्ये हे दोन्ही सण लागोपाठच्या दिवशी आले, तेव्हाही मुंबईतील जुलूस १८ सप्टेंबरला, म्हणजे विसर्जनानंतर, काढण्यात आला.

असे निर्णय एका दूरध्वनीवर होत नाहीत. त्यामागे मशिदींचे विश्वस्त, मंडळांचे कार्यकर्ते आणि पोलीस ठाण्यांचे अधिकारी यांच्यात आधीपासून असलेले बोलणेचालणे असते. निर्णय झाल्यावर तो प्रत्येक वस्तीत समजावून सांगावा लागतो. 'आपण माघार घेतली' असे कोणाला वाटू नये आणि 'आपण जिंकलो' असेही कोणी म्हणू नये, अशा शब्दांत तो मांडावा लागतो. हे शब्द निवडणे म्हणजेच जनसंपर्क.

मर्यादा आणि अपेक्षा

या साऱ्याची एक मर्यादा मात्र स्पष्टपणे नोंदवायला हवी. संवाद हा न्यायाला पर्याय ठरू शकत नाही. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. पण दंगलपीडितांपैकी अनेकांना न्यायाची प्रतीक्षाच करावी लागली. ज्याचे घर जळाले आणि ज्याचा गुन्हेगार मोकळा फिरतो, त्याला सलोख्याचे फलक दाखवणे म्हणजे जखमेवर रंगसफेदी करण्यासारखे आहे. जनसंपर्क पीडिताचे म्हणणे शासनापर्यंत नेऊ शकतो, शासनाची कारवाई लोकांपर्यंत आणू शकतो. पण कारवाईच झाली नसेल, तर सांगण्यासारखे काही उरत नाही.

ही मर्यादा मान्य करूनही करण्यासारखे पुष्कळ आहे. राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि त्याची जिल्हा माहिती कार्यालये यांचा बराचसा वेळ मंत्र्यांचे दौरे आणि योजनांची प्रसिद्धी यांत जातो. अफवांचे खंडन तासाभरात, स्थानिक बोलीत आणि पडताळता येईल अशा तपशिलांसह करण्याची व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात उभी करता येईल. महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील वाद गावातच मिटवणाऱ्या समित्यांचे जाळे निर्माण केले होते. तशा समित्या केवळ तंटा मिटवण्यापुरत्या न राहता विश्वासार्ह माहितीची केंद्रे होऊ शकतात. मोठ्या शहरांतील गृहनिर्माण संस्था, शाळांचे पालक-शिक्षक संघ, गणेश मंडळे आणि जमाती यांच्यात सणासुदीच्या पलीकडे संबंध राहावेत, यासाठी खासगी उद्योगांचे जनसंपर्क विभागही हातभार लावू शकतात. आज हे विभाग सामाजिक बांधिलकीच्या नावाखाली वृक्षारोपणाची छायाचित्रे पाठवतात. दोन मोहल्ल्यांतील मुलांसाठी मैदान मिळवून देणे हे त्याहून कठीण, पण अधिक मोलाचे काम आहे.

वृत्तपत्रवाचक नागरिकाचाही यात वाटा आहे. मोबाइलवर आलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी तो कोणी पाठवला, कधीचा आहे आणि कुठला आहे, हे तीन प्रश्न विचारणे म्हणजे आपल्या परीने शांतता समितीचे सदस्यत्व पत्करणेच होय. भिवंडीच्या मोहल्ल्यांतील माणसे कोणी विद्वान नव्हती. ती फक्त एकमेकांना ओळखत होती आणि ऐकलेली गोष्ट खरी आहे की नाही हे शेजारच्याला विचारण्याची त्यांना सवय लागली होती. ती सवय कोणत्याही शहराला लावून घेता येते. अट एवढीच की, ती शांततेच्या दिवसांत लावून घ्यावी लागते.